कड्याला लटकलेला मेंढपाळ

या दुष्काळात आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत दर तिसऱ्या दिवशी टँकर येतो. ड्रायव्हर फर्दापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ड्रममध्ये नळी सोडली की तो गोष्ट सुरू करायचा, म्हणजे रांगेतली भांडणं थांबायची. पाणी संपलं की गोष्टही तिथंच थांबायची.

एकदा त्याच्या गोष्टीतला मेंढपाळ कड्याला लटकलेला असतानाच टँकर रिकामा झाला. मी इंग्रजीचा मास्तर, मला राहवलं नाही. म्हणालो, "याला क्लिफहँगर म्हणतात. विलायतेत कादंबऱ्या मासिकांतून थोड्याथोड्या छापत. एका लेखकानं नायकाला कड्याला लटकत ठेवून अंक संपवला, वाचक महिनाभर ताटकळले. त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात."

त्याचा चेहराच उतरला. "महिनाभर? आमच्यात मेंढरू कड्यात अडकलं, तर ते काढल्याबिगर कुणी जेवत नाय, सर."

टँकर निघाला आणि कोपऱ्यावर थांबला. खिडकीतून मान काढून तो ओरडला, "काढला वर त्याला! बरा हाय!"

तेव्हापासून पाणी कुठंही संपो, तो कोपऱ्यावर थांबून गोष्टीतल्या माणसाला सुखरूप करूनच जायचा.

गेल्या खेपेला गोष्टीतली बाई विहिरीत उतरली होती. दोर तुटायला आला आणि पाणी संपलं. टँकर कोपऱ्यावर थांबला नाही.

आज सहावा दिवस. ड्रम कोरडे पडलेत. बायका पाण्याचं विचारत नाहीत. मला गाठून हळूच विचारतात, "सर, ती वर आली असंल ना?"