मामांची राँग साईड

आमचे मामा गाडीखाली आले नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, आणि मला सगळ्यात आधी हेच लिहावं वाटलं. कुणाला विचित्र वाटलं तर वाटू द्या.

मामा म्हणजे माझे सासरे. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते, सोयाबीनची, हळदीची पोती काट्यावर तोलायचे. कळमनुरी रोडवरच्या आमच्या गावातून जन्मभर सायकलवर गेले आणि आले.

काम सुटलं, तरी जाणं सुटलं नाही.
"मोंढ्यात चहा पिल्याबिगर माझा दिवस उगवत न्हाई," म्हणायचे.

रस्ता अरुंद होता तेव्हाचे ताप वेगळे. बाभळीचे काटे, आठवड्याला पंक्चर, उन्हाळ्यात तोंडावर येणारी झळ. दिवाळीच्या आधी लोक डांबरावरच सोयाबीन वाळू घालायचे, त्याच्यावरून सायकल घसरून कोपर फोडून घेतलं होतं.

मग रोड फोर लेन झाला. खड्डे गेले आणि ट्रक सुसाट झाले.

आणि मामा चालवायचे राँग साईडनं.
जाताना पण. येताना पण.

"मामा, सगळी दुनिया डावीकडून जाऊन राहिली. तुमीच उलटे काहून?"

"मी उलटा न्हाई बाई. समोरून येणारं दिसतं तरी. मागून येणारं कोण पाहावं? मान फिरत न्हाई आता."

एकदा चौकात ट्रॅफिकवाल्यानं अडवलं.
"चाचा, राँग साईड से कायको आ रहे?"
मामांनी शांतपणे सायकल स्टँडवर लावली. "साब, मारनेवाला दिखना तो चाहिए."
तो हसला, सोडून दिलं. ही गोष्ट मामा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

पाहुणे हसायचे. मला हसू यायचं नाही.

ते निघाले की माझा जीव टांगणीला. अनोळखी नंबरवरून फोन आला की भाकर तव्यावरच करपायची. आमच्या रोडवरच्या प्रत्येक गावात एखादं घर आहेच, ज्याला असा फोन आलेला आहे.

शेवटी आमच्या ह्यांनी एक दिवस सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून ड्युटीवर गेले.

मामांनी टोपी घातली आणि त्याच रोडनं पायी निघाले.
राँग साईडनंच.

मी अनवाणी मागं पळाले.
"मामा, चला परत. किल्ली मी मागवून देते. पण एक कबूल करा. पोचल्यावर मला फोन करायचा."

"फोन कशाला? बोलायचं काय त्यात?"

"बोलू नका. एक रिंग द्या नुसती."

"बराबर. पण तू उचलायचा न्हाई."

झालं. तेव्हापासून रोज मोंढ्यातल्या हॉटेलात पोचले की एक रिंग, परत निघाले की दुसरी. ती रिंग वाजली की मी पाण्याचा ग्लास प्यायचे आणि मग कामाला लागायचे.

एकदा सवयीनं उचलला गेला.
"उचलला काहून?" केवढ्यानं ओरडले.
"मामा, अनलिमिटेड आहे. पैसे न्हाई लागत."
"पैशाचं न्हाई गं. तू उचललास की मला वाटतं, घरी काही झालं."

म्हणजे घोर त्यांना पण होता. आमचा. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मागच्या वर्षी ताप धरला, मग छाती भरली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता घरी न्या.

शेवटच्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "बाज फिरव."
"काहून मामा? ऊन लागून राहिलं का?"
"दार माझ्या मागं आलंय. इकडून दिसत न्हाई."

मी आणि ह्यांनी मिळून बाज फिरवली. दाराकडं तोंड झालं तसे निवांत झाले. बशीतून दोन घोट चहा घेतला. दाराकडं पाहत पाहत गेले.

माझ्या तोंडून रडण्याच्या आधी निघालं, "घरीच गेले गं बाई."

मामांची बहीण बसलेली होती उशाशी. ती माझ्याकडं बघतच राहिली. "असं काय बोलतीस? सुटल्यावानी?"

व्हय. सुटले मी. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं ज्या फोनला घाबरले, तो फोन आला नाही. रोडवर कुणी चादर टाकली नाही, ओळख पटवायला कुणी बोलावलं नाही.

हे बापाच्या पायांवरून हात फिरवत होते. गुडघा, पिंढरी, घोटा.
"एक ओरखडा न्हाई बघ अंगावर," मला म्हणाले. आणि मग ढसाढसा रडले.

सायकल पडवीत आहे. हे कधीमधी शेतात घेऊन जातात. डाव्या बाजूनं. मी तसं बजावलंच आहे.

मामा, वर्ष झालं तुम्हाला जाऊन. साऱ्या घराचा तुम्हाला नमस्कार.

तिकडचा रस्ता कसा आहे, माहीत नाही. पोचला असाल तर एक रिंग द्या.

उचलणार नाही मी.