मुठीच्या नळीतून

मूठ सैल वळून तिची नळी करायची, ती डोळ्याला लावायची, दुसरा डोळा मिटायचा आणि शेजारच्याला विचारायचं, ‘‘काय दिसते?’’ सरांची ही सवय सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होती. कुणी ‘‘खुर्ची आहे’’ म्हणालं, की ते मान हलवत. ‘‘काय आहे ते नको सांगू. काय दिसते ते सांग.’’

तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही आधी हसू आलं असतं. मग तुम्ही मूठ वळून पाहिलं असतं, आणि खुर्चीचे दोन पाय टेबलामागे लपलेत हे पहिल्यांदा लक्षात आलं असतं.

यंत्राला बघायला शिकवणं हे सरांचं आयुष्यभराचं काम. नागपूरहून शिकून आले ते थेट बंदरावर. कंटेनरवरचे गंजलेले आकडे वाचणारा कॅमेरा त्यांनी तिथे तयार केला. पुढे संशोधन, मग आमच्या गटाचं प्रमुखपद. एवढी वर्षं सिंगापुरात काढूनही बोली नागपूरचीच राहिली. मी पुण्याची. माझी धांदल पाहून म्हणायचे, ‘‘काहून घाई करून राहिली बाई? पेठेतलं दुकान बंद होते का?’’

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात कोणी पडलं तर कॅमेऱ्याने ते ओळखून मदत बोलवावी, हा आमचा मोठा प्रकल्प. पडण्याची चित्रं हवी होती, म्हणून आम्हीच गाद्या अंथरल्या आणि धडाधड पडलो. माझी तरुण सहकारी वेई तर सिनेमातल्यासारखी पडायची. यंत्र एकही पडणं चुकवत नव्हतं. आम्ही खूश होतो.

मग एका दुपारी सर आणि मी क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवत होतो. समोरचे एक आजोबा उठायला गेले. त्यांनी टेबलाची कड धरली, गुडघे हळूहळू दुमडले आणि ते खुर्चीला घासत खाली गेले. आवाज नाही, काही नाही. शेजारच्यांना वाटलं, काहीतरी शोधायला खाली बसलेत. सर ताटावरून उठले. आम्ही दोघांनी आजोबांना वर घेतलं. ते पुन्हा पुन्हा ‘‘सॉरी, सॉरी’’ म्हणत होते.

सर प्रयोगशाळेत परत आले, बूट काढले, टेबलाची कड धरली आणि अगदी तसेच घसरत खाली गेले. पडद्यावर शब्द उमटला : बसले.

वेई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘‘बॉस, डेमो नेक्स्ट वीक लाह!’’

सर जमिनीवरूनच म्हणाले, ‘‘अगं, आपण सगळे तरण्या माणसांसारखे पडलो. म्हातारं माणूस शेवटपर्यंत न पडायचा प्रयत्न करते. तो प्रयत्न याला दिसत नाही.’’ मराठीत बोललो हे लक्षात आल्यावर त्यांनी तेच वेईला इंग्रजीत सांगितलं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने पुन्हा डेमोचं नाव काढलं नाही.

हे यंत्र यंदा कुणाच्या घरात लागणार नाही, असं त्यांनी वर कळवलं. वरच्यांना उशीर नको होता. प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं, सर मात्र गाद्या होत्या त्या छोट्या खोलीत सल्लागार म्हणून राहिले. तिथे शेजारपाजारच्या आजी-आजोबांना बोलवायचे. आधी कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, पाजायचे, कमरेला पट्टा बांधायचे, मग ‘‘आंटी, स्लोली, स्लोली’’ करत त्यांना गादीवर घसरायला लावायचे. आंट्या हसून हसून दमायच्या. आमच्यातले काही जण म्हणत, एवढा मोठा माणूस वाया चाललाय. मला तसं वाटत नव्हतं, पण मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

पुढे त्यांचेच हात थरथरू लागले. नसांचा आजार निघाला. एका सकाळी काठी टेकत, बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, हात धरून ते त्या खोलीत आले.

‘‘कॅमेरा लाव,’’ मला म्हणाले. ‘‘आता मला नाटक करावं लागत नाही.’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘घरी पडायला जागा कमी पडते यांना!’’ पण त्यांनीच पट्टा बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

सर गेल्यावर, गेल्या महिन्यात, त्यांच्या फ्लॅटवर पुण्यानुमोदनाचा विधी झाला. वंदना झाली, भोजनदान झालं. निघताना वहिनींनी हळूच विचारलं, ‘‘ते तुमचं यंत्र आता तरी नीट बघते का हो?’’ नव्या यंत्राची परीक्षा अजून व्हायची होती.

ती परवा झाली. यंत्राआधी प्रत्येक चित्रफीत माणसाने बघायची, हा सरांचाच नियम. त्यांची स्वतःची फीत माझ्या वाट्याला आली. सर टेबलाची कड धरतात. बोटं एकेक करून सुटतात. गुडघे दुमडतात. ते घसरतात, गादीवर टेकतात, थोडा वेळ तसेच राहतात. मग थरथरती मूठ कशीबशी वळून डोळ्याला लावतात आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघतात. चौकटीच्या कडेने वहिनींचा हात आत येतो.

मग वेईने तीच फीत यंत्राला दाखवली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिलो.

पडले, असं पडद्यावर आलं. सरांची मूठ अजून वळायची होती. वहिनींचा हात अजून चौकटीबाहेरच होता.