रिकाम्या आकाशाचं ओझं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

नागपूरच्या टॉवरवर विमानांना वाट द्यायचं काम आम्ही करायचो. माझा जोडीदार उमरेडच्या विणकराच्या घरातला, कामात माझ्याहून सरस. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात ठरलं की आमच्यातल्या एकाला मोठ्या, गर्दीच्या विमानतळावर पाठवायचं. कोणाला, ते मेंदूच्या लहरी मोजून ठरणार. ज्याच्या डोक्याला ताण कमी, तो जाणार.

जायचं दोघांनाही नव्हतं. त्याची बायको नागपुरातच महाल भागातल्या शाळेत शिकवायची. ती नोकरी सोडणं शक्य नव्हतं. आणि माझं काय अडलं होतं? काटोलला संत्र्याची थोडी झाडं, अन् इथली सवय.

बाहेरगावचे एक डॉक्टर यंत्र घेऊन आले. आमच्या टाळूवरचं तेल स्पिरिटने पुसलं आणि लेप लावून तारा चिकटवल्या. यंत्र खालच्या खोलीत, डॉक्टरही तिथेच. डोकं हलवायचं नाही, एवढीच ताकीद होती.

आता, ड्युटीवर माझ्या गालात खर्रा असायचाच. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला. विमानाशी बोलताना जबडा थांबवायचा आणि आकाश रिकामं झालं की पुन्हा चघळायचं, ही आमच्याकडची सर्वसाधारण रीत; जोडीदार तेवढा खर्ऱ्याला शिवत नसे. बाहेरगावच्या माणसाला ती कुठून ठाऊक असणार!

तासाभराने डॉक्टर धापा टाकत वर आले. "विमान गेल्यावर तुमच्या मेंदूत वादळ उठतं. कसला विचार करता?"

"कसलाच नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

डॉक्टरांना तो माझा विनय वाटला. विमान नसताना विमानाची वाट पाहण्याचा ताण, असा त्यांनी शोध लावला.

जोडीदार हसला. "काहून गा, आकाश रिकामं हाय अन् तुले एवढं काय भारी होऊन राहिलं?"

दुसऱ्या दिवशी मी सहज चघळायचा थांबलो, तर खालून लगेच फोन. "सगळं ठीक ना? रेषा एकदम शांत झाल्या."

तेव्हा मला कळलं. फोन ठेवला आणि मी मुद्दाम जोरात चघळू लागलो.

जोडीदाराने त्या सकाळी दोन विमानं उतरवली, धावपट्टीवर शिरलेली म्हैसही हाकलायला लावली. त्याच्या रेषा नुसत्या थरथरल्या. याला पुष्कळ ओझं झेपेल, असं ठरलं.

मला मात्र थकलेल्या मेंदूसाठी पंधरा दिवसांची रजा मिळाली, विचार न करण्याच्या सल्ल्यासह. तो गाडीत बसला त्या दुपारी मी घरी वाळ्याच्या पडद्याआड पडून होतो. स्टेशनवर गेलो नाही. आजारी माणसाने उन्हात कशाला जावं?

रजा संपता संपता त्याची बायको भाजीबाजारात भेटली. पिशवीत एकटीपुरती भाजी.

"भाऊजी," तिने काळजीने विचारलं, "डोकं कसं आहे आता?"

"बरं आहे," मी म्हणालो.