सांगलीच्या दवाखान्याची वाट

तिसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. माहेर साताऱ्याकडचं, म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. रक्त थांबेना. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी उभ्या होत्या. पुन्हा दिवस गेले तर जिवाची खात्री नाही, असं त्यांनी मला आणि माझ्या भावाला बजावलं. माझ्या नवऱ्याला हे कुणी सांगायचं, ते मात्र कुणीच ठरवलं नाही. ते फौजेत, सरहद्दीवर. वर्षातून एकदा सुट्टीला यायचे, आणि त्यांच्यापुढं असलं बोलायची मला लाज वाटायची.

धाकटी चालायला लागली. ते सुट्टी संपवून गेले आणि माझी पाळी चुकली.

सासर आष्ट्याजवळ. चुलीपुढं बसलं की उमासे यायचे, ते मी पदर तोंडात कोंबून दाबायची. पोरींच्या वेण्या घालताना हात थांबायचा. मी गेले तर ह्या पोरींना न्हाऊ कोण घालणार? आमच्याच गल्लीतल्या एका बाईनं सुईणीकडून पोट पाडून घेतलं होतं. ती तापानं फणफणून गेली. तिचं कण्हणं मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ठेवलं तरी मरण, पाडलं तरी मरण.

गावात लसी टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना मी विहिरीवर एकटं गाठलं. त्या म्हणाल्या, आता कायदा झालाय, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर रीतसर करतात. मला खरं वाटेना. असल्या गोष्टीला पोलीस धरून नेतात, एवढंच मी ऐकलेलं.

सासूबाईंना सांगणं भाग होतं. त्यांना न विचारता मी एसटीच्या थांब्यापर्यंतसुद्धा गेले नसते. त्या गोठ्यात धार काढत होत्या. मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणंही. त्यांनी धार पुरी केली, वासरू सोडलं आणि म्हणाल्या, "पोटातल्या जिवाला हात लावू नगं. द्येव बघतुया."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आता ह्यांना कळवतील, मला माहेरी धाडतील, असं मला वाटत राहिलं. मग एका सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. पोरं शेजारणीकडं ठेवली आणि मला म्हणाल्या, "चल." कुठं, हे विचारायची छाती झाली नाही. बस सांगलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीचा गज घट्ट धरून बसले होते.

डॉक्टरांनी तपासलं. अंगात रक्त फार कमी, बाळंतपण झेपायचं नाही, म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, मुलगा लांब आहे, त्याची सही लागेल का? डॉक्टर म्हणाले, बाई सज्ञान आहे, तिचीच संमती पुरे. मग त्यांनी सासूबाईंनाच विचारलं, तुमचं काय म्हणणं?

"मला ह्ये पटल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्याबी पटायचं न्हाई. पर तिची तीन ल्येकरं घरात हायती. ती एकटी न्हाई यायची हितं."

मला टेबलावर झोपवलं. डोक्यावरचा दिवा, ट्रेमधल्या अवजारांचा आवाज. दाराबाहेर सासूबाई बसल्यात, एवढंच मी मनात धरून राहिले. जाग आली तेव्हा त्या पेजेची वाटी घेऊन उशाशी बसल्या होत्या.

गावात त्यांनी हिवताप झाला म्हणून सांगितलं. मला मात्र बाळंतिणीसारखं जपलं; पाठ शेकली, पाण्यात हात घालू दिला नाही. संध्याकाळी देवापुढं बसून त्या पुटपुटत क्षमा मागायच्या. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

हे पुढच्या सुट्टीला आले. सासूबाईंनीच त्यांना बाहेरच्या सोप्यात बसवून सांगितलं. मी दाराआड उभी होते. हे आत आले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"भ्या वाटलं," मी म्हणाले.

"माझं?"

मी मान डोलावली. ते पोरींपाशी जाऊन बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पलटणीत परतल्यावर त्यांनी स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. सोबतचे हसले म्हणे. तरीही पुढं कित्येक वर्षं पाळी जरा लांबली की मी चुलीपुढं बसल्या जागी गार पडायची.