नवरा घरी असतो तेव्हा

आमच्या शिवणकारखान्यात बाईला नाव नसतं, मशीन असतं. मी कॉलरवाली. शेजारी काजवाली बसायची, शर्टाला बटणांची काजं करणारी. तोंडाने फटकळ, हसली की मशिनींच्या खडखडाटातही ऐकू यायची. घरी मात्र हीच बाई भिजलं मांजर. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि वाटेत कुणाकुणाकडे थांबायचा, ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. एकदा तिच्या पिशवीत मूल न होण्याच्या गोळ्या सापडल्या, तर "कुणासाठी खातेस?" म्हणत त्याने तिचं मनगट मोडलं होतं.

दवाखान्यातली सिस्टर दर महिन्याला कारखान्यात यायची. एकदा तिने मऊ रिंग आणली. ती बाईने अंगात, आतल्या बाजूला बसवायची. तिच्यातलं औषध एचआयव्हीपासून जपतं, पुरुषाला विचारावं लागत नाही. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो.

"महिनाभर काढायची नाही," सिस्टरने बजावलं.

पहिला हात काजवालीने पुढे केला. "मरायचं तर आहेच, पण त्याच्या पापाने नाही मरायचं."

आता आमची एक खोड सांगते. मशिनीच्या सुईपाशी बोट वाचवायला गार्ड असतो. तो लावला की काम रेंगाळतं, म्हणून आम्ही काढून ठेवतो आणि तपासनीस आला की झटकन लावतो. सुई बोटात जाते ती गार्ड नसतानाच, पण सांगणार कुणाला!

काजवालीनेही तेच केलं. नवऱ्याचा ट्रक वस्तीत शिरला की न्हाणीघरात जाऊन रिंग काढायची, तो गेला की धुऊन पुन्हा बसवायची. त्याच्या हाताला लागली असती तर दुसरं मनगटही गेलं असतं. शिवाय तिला वाटायचं, एवढं औषध अंगात मुरलंय, दोन रात्रींनी काय बिघडतं? सिस्टर यायची तेव्हा रिंग जागेवर असायची, त्यामुळे सिस्टरही खूश.

मग दवाखान्यातल्या तपासणीत तिच्या रक्तात नको ते निघालं. मी सोबत होते.

"रिंग होती ना आत?" सिस्टर चक्रावून गेली.

"होती की. ते घरी असले की तेवढ्यापुरती मी काढायचे."

सिस्टरने कपाळावर हात मारला. नेमाने गोळ्या घेतल्यास तर जगशील, म्हणाली. मला राग आला तो त्या मनगट मोडणाऱ्या हाताचा. अजून येतो.

पुढच्या वेळी सिस्टर यायच्या दिवशी काजवाली म्हणाली, "आज सगळ्यांना सांगणार."

"वेडी आहेस का? सासू घराबाहेर काढेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझ्या मुठीत आता काय उरलंय गं?"

तिने मशिनी बंद करायला लावल्या आणि उभी राहिली. "बायांनो, मला झालाय तो रोग. तो घरी यायचा तेव्हाच मी रिंग काढत होते. तुम्ही काढू नका. त्याच्यापासूनच तर जपायचं असतं."

मग मागून इस्त्रीवाली पुढे आली. लग्नाला वर्षही न झालेली पोर, चेहरा पांढराफटक.

"ताई," ती म्हणाली, "मीसुद्धा तेव्हाच काढते."