उर्वशीच्या फोनची दुसरी बॅटरी

ऊर्जानगर या वीज प्रकल्पाच्या वसाहतीच्या भिंतीबाहेर भाड्याच्या नऊ खोल्यांची एक ओळ आहे. त्या ओळीतल्या बायका उर्वशीबद्दल बोलत तेव्हा बोलणे तिच्यापासून सुरू होई आणि तिच्या नवऱ्यावर जाऊन थांबे. "नशीब काढलं पोरीनं," असे त्या म्हणत. "आमच्या माणसाईले सोताच्या मोबाईलची शुद्ध नसते, अन् हा आदेश बायकोची बॅटरी रोज प्लांटमधी नेऊन भरून आणते." नळावर एखादी तिला चिडवी, "काय व उर्वशी, आमच्याही बॅटऱ्या दे न त्याच्यापाशी. तेवढंच बिल कमी येईन." उर्वशी हसे, घागर उचले आणि खोलीकडे चालू लागे.

खोटे त्यात काहीच नव्हते. उर्वशीचा फोन साधा, बटणांचा. नखाने पाठ उचलली की आत बिस्किटाएवढी बॅटरी. रोज सकाळी चहा पिता पिता आदेश तो फोन घेई, पाठ उघडून बॅटरी काढी, रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवी आणि पाठ पुन्हा नीट बसवून फोन फळीवर ठेवून देई. साडेसातला कंत्राटदाराची बस येई. पावणेसहाला तीच बस त्याला परत आणून सोडी. हातपाय धुऊन झाले की तो बॅटरी फोनमध्ये घाली. दिवसभर बॅटरीवाचून पडलेला तो फोन वेळ विसरलेला असे. सुरू होताच आधी तारीख आणि वेळ विचारी. आदेश आपल्या मोठ्या फोनात पाहून ती भरी. बायकोच्या फोनातली वेळ रोज संध्याकाळी तोच लावत असे.

लग्नानंतरचे पहिले चार महिने असे नव्हते. मग एका दुपारी त्याने प्लांटमधून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तो व्यस्त लागला. सावली तालुक्यातल्या एका गावात उर्वशीचे माहेर. गाय व्यायली होती आणि आई वासराचे वर्णन करत होती, त्यात अर्धा तास गेला होता. संध्याकाळी आदेशने विचारले, "कोणासंग बोलत होती?" "आईसंग," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "घरची लाईट काऊन जाळाची? प्लांटमधी फुकट हाये." आणि बॅटरीबरोबर चार्जरही नेला.

आठवडाभर उर्वशीला ती काटकसरच वाटली. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले त्या दिवशी तिने म्हटले, "आज बॅटरी राहू द्या न. आईचा फोन येईन." आदेश बुटाचे बंद बांधत होता. "संध्याकाळी बोलजो न," तो म्हणाला, "मी हावोच." आणि संध्याकाळी खरोखरच त्याने फोन लावून दिला, आवाज मोठा केला आणि समोर बसून राहिला. आईने विचारले, "बरी हायेस न?" उर्वशी म्हणाली, "बरी हावो." त्या दिवशी तिला कळले. पण कळून सांगणार कोणाला आणि काय? तो दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, येताना भाजी आणत होता. माझा नवरा माझ्या फोनची बॅटरी नेतो, हे गाऱ्हाणे म्हणून सांगायला घ्यावे तर ऐकणारी बाई कौतुकाने मान डोलावी.

मग दिवस फार लांब झाले. खोली एकच, कोपऱ्यात ओटा, मागे मोरी, पुढे दार. खोलीत घड्याळ नव्हते; फोन हेच घड्याळ होते आणि तो सकाळीच बंद होई. भांडी, झाडलोट, धुणे. दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसायच्या आत ते काढायचे. शाळेची गाडी गेली म्हणजे बारा वाजले असतील. त्यानंतर थेट कंत्राटदाराच्या बसचा भोंगा. मधल्या वेळाला नाव नव्हते. प्लांटच्या धुराड्यांतून निघणारी वाफ दारातून दिसे, ती कुठेतरी जात असे. ओळीच्या मागच्या झुडपात बिबट येई, म्हणून पाच वाजल्यानंतर बायका दाराबाहेर रेंगाळत नसत. उर्वशी तर पाचच्या आधीही फार बाहेर पडत नसे. जावे तर कोणाकडे, आणि आदेश अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या तरी गाडीवर येऊन जाई. "सहज आलो," म्हणे. पाणी पिई, फळीवरच्या फोनकडे बघे आणि जाई. माहेरी निघून जावे असे एकदा मनात आले होते. पण तिथे भावाचे नुकतेच लग्न झाले होते, दोन खोल्यांत पाच माणसे होती, आणि आई फोनवर दर वेळी "सांभाळून घे व" म्हणतच असे.

मे महिन्यात एका संध्याकाळी इंदुताईंचा फोन आला. ब्रह्मपुरीत अकरावी-बारावीची दोन वर्षे उर्वशी ज्या मुलींच्या वसतिगृहात राहिली, तिथल्या त्या अधीक्षिका. आवाज मोठा केलेलाच होता.

"उर्वशी, आमची मदतनीस बाई सोडून चालली आहे. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि पगार. मला तुझी आठवण झाली. येशील का?"

उर्वशीने तोंड उघडायच्या आत आदेश फोनकडे वाकला. "नमस्कार मॅडम. नाई जमत जी. तिले घरचंच काम लय हाये."

इंदुताई म्हणाल्या, "बरं. तिला विचार करू द्या." आदेशने फोन ठेवला, यादीतून तो नंबर काढून टाकला आणि म्हणाला, "भाजीत मीठ कमी हाये."

त्या रात्री उर्वशीने विचार वगैरे काही केला नाही. राहायला खोली, एवढे दोनच शब्द तिच्याजवळ राहिले होते. इंदुताईंचा नंबर तिच्या जुन्या ओळखपत्रावर छापलेला होता आणि ते ओळखपत्र ट्रंकेत होते. नंबर होता, फोन होता, त्यात सिमकार्डही होते. बिस्किटाएवढी एक वस्तू नव्हती.

ती वस्तू तिला तिसऱ्या खोलीत मिळाली. तिथे अंजनाबाई राहत, साठीच्या, मुलाबरोबर. मुलगा ट्रकवर, चार-चार दिवस बाहेर. एका दुपारी त्यांनी तांदूळ निवडायला उर्वशीला बोलावले आणि बोलता बोलता पत्र्याचा डबा उघडून नवऱ्याच्या वस्तू दाखवल्या. लटारूभाऊ गवंडी होते. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. डब्यात चष्मा, ओळंबा आणि काच फुटलेला बटणांचा फोन.

"चालत नाई आता," अंजनाबाई म्हणाल्या. "पोरगा म्हणते फेक. त्याच्या फोनाची त पाठबी उघडत नाई, बिघडला का पुरा गेला."

उर्वशीने तो फोन हातात घेतला आणि नखाने पाठ उचलली. आत तशीच बॅटरी होती. तोच आकार, तीच अक्षरे, तेच तीन पिवळे ठिपके. ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली, तेव्हा अंजनाबाईंनी सूप खाली ठेवले.

"काय झालं व?"

"बाई, ही बॅटरी मले देता का?"

"काऊन? तुही त तो भरून आणते न रोज."

"हो जी. रोज नेते. मंग दिवसभर फोन बंद राह्यते."

अंजनाबाईंनी तिच्याकडे पाहिले. नळावरच्या कौतुकात त्यांचाही आवाज असे. "रोज?" त्यांनी विचारले.

"रोज."

"आमी त त्याले चांगला म्हणत होतो."

"चांगलाच हाये," उर्वशी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

म्हातारीने उठून फळीवरून एक चार्जर काढला. चिमट्यासारखा, नुसती बॅटरी धरणारा, लटारूभाऊंनी चांदूरच्या बाजारातून आणलेला. चंद्रपूरला अंजनाबाई चांदूरच म्हणत. बॅटरी त्यात बसवली तर दिवा लागेना. उर्वशीने तिचे ठिपके पदराने घासले, पुन्हा बसवली, आणि लाल-निळा दिवा लुकलुकू लागला. "इथीच राहू दे," अंजनाबाई म्हणाल्या. "घरी नको नेऊ. लागन तवा ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बॅटरी पोलक्यात घालून उर्वशी खोलीत आली, आतून कडी लावली आणि फोन सुरू केला. फोनने तारीख आणि वेळ विचारली. तिने तो प्रश्न तसाच मागे टाकला. नंबर दोनदा चुकला. इंदुताईंनी सगळे ऐकून घेतले, एकही उपदेश केला नाही.

"हे बघ, समितीची सभा मंगळवारी आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज दोन आहेत, तू आणि एक इथलीच बाई. मी तुझं नाव पुढे ठेवते. सभा संपली की तीननंतर तुला फोन करीन. पण फोन लागला पाहिजे. लागला नाही तर समितीला मला सांगता येणार नाही की तू येणार आहेस, आणि मुली यायच्या आत मला माणूस हवं आहे."

"चालू ठेवतो मॅडम," उर्वशी म्हणाली. मग तो कॉल पुसला, बॅटरी काढली आणि अंजनाबाईंकडे देऊन आली. संध्याकाळी आदेशने भरून आणलेली बॅटरी घातली, फोनने वेळ विचारली, त्याने ती लावली. काहीच घडले नव्हते.

मंगळवारी अडीच वाजता तिने बॅटरी आणली. त्या दिवशी तिला वेळ माहीत असणे भाग होते, म्हणून अंजनाबाईंच्या भिंतीवरचे घड्याळ पाहून तिने फोनातली वेळ भरली. पाचला बॅटरी काढायची, परत द्यायची, म्हणजे पावणेसहापर्यंत फोन सगळे विसरलेला असेल, असा तिचा हिशेब होता.

तीन वाजले. ती दाराला पाठ लावून खाली बसली, फोन मांडीवर. कूलर बंद ठेवला, आवाजात घंटी ऐकू यायची नाही म्हणून. सव्वातीन, साडेतीन. घाम मानेवरून उतरत राहिला. चार वाजता बाहेर गाडीचा आवाज आला. आदेश असावा असे वाटून तिने फोन ओट्याखाली सरकवला. पण तो गॅसवाला होता. साडेचार. पाच. आता बॅटरी काढायची वेळ झाली, आणि तिच्या ध्यानात आले की तिला ती काढता येणार नाही. काढली आणि पाच मिनिटांनी फोन आला तर? नाही काढली आणि आदेश आला तर? बटणांवर अंगठा ठेवून ती तशीच बसून राहिली. सव्वापाच, साडेपाच. पाच चाळीसला रस्त्यावर बसचा भोंगा वाजला आणि तिच्या हातात फोनही वाजला.

"उर्वशी? उशीर झाला गं, सभा लांबली. झालं तुझं. सोमवारी हजर व्हायचं. येशील ना?"

बसमधून उतरलेल्या माणसांचे बोलणे गल्लीच्या तोंडाशी आले होते.

"येतो मॅडम. सोमवारी येतो."

"नक्की? मग मी दुसऱ्या बाईला नाही म्हणून कळवते."

"नक्की जी. सांगा."

तिने फोनची पाठ उघडली, बॅटरी उपटून तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, पाठ दाबली, फोन फळीवर ठेवला आणि कडी काढली. आदेश दोन खोल्या पलीकडे कोणाशी तरी हसून बोलत होता. तो आत आला तेव्हा ती चहाचे आधण ठेवत होती.

त्याने हातपाय धुतले. रुमाल उघडला, बॅटरी काढली, फोनमध्ये घातली. फोन सुरू झाला. उर्वशीची त्याच्याकडे पाठ होती. रोजची बटणांची टकटक ऐकू येईना म्हणून ती वळली.

फोनने वेळ विचारली नव्हती. बॅटरी काही मिनिटांतच बदलली तर हा फोन वेळ विसरत नाही, हे तिला ठाऊक नव्हते. ठाऊक होण्याचे कारणही नव्हते. पडद्यावर पाच पन्नास वाजले होते. आदेशने आपला मोठा फोन काढून पाहिला. पाच पन्नास. मग त्याने तिच्या फोनचे हिरवे बटण दाबून कॉलची यादी उघडली. तो कॉल पुसायला तिला सवड मिळाली नव्हती. नंबर होता आणि त्यासमोर पाच चाळीस.

"टाइम कोणं लावला?" त्याने विचारले.

"मी."

"बॅटरी कुठून आणली?"

"मिळाली."

"कोणं देल्ली?"

उर्वशीने चहात साखर घातली. हे ती सांगणार नव्हती. आदेश दिवाणावर बसला. तो ओरडला असता तर तिला सोपे गेले असते. पण त्याचा आवाज वाढला नाही, उलट तो थकल्यासारखा दिसला.

"हा त्या होस्टेलवाल्या बाईचा नंबर हाये न?"

"हो. जागा भेटली. सोमवारी हजर व्हा म्हणते."

"लोकाईले काय सांगू मी? लोक मले चांगला म्हणतेत. तुले इथी काय कमी होतं?"

तिने कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो घेतला नाही. कितीतरी वेळ तो फोन उलटसुलट करत राहिला. मग खिशातून चार्जरही काढला आणि फोनसह तिच्यापुढे सरकवला.

"घे. उद्यापासून बॅटरी घरीच राहीन. चार्जरबी. कोणासंगबी बोल, मी विचारत नाई. आता त झालं? त्या बाईले फोन लाव अन् नाई म्हण."

फोन तिच्यापुढे चालू होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने तो स्वतःहून तिच्या हाती दिला होता. अंगणात खेळणाऱ्या पोरांना बायका घरात हाका मारत होत्या. उर्वशीने गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि उभ्यानेच म्हणाली,

"नाई म्हणत. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी ब्रह्मपुरीले जातो, जेवणाच्या डब्याचं तुमचं तुमी पाहा."