जावईबापूंचा उजवा डोळा

लोकांनी आपल्याकडे पाहावे, याची रविकिरण यांना फार हौस. त्यांना स्वतःला लांबचे दिसत नव्हते, ही गोष्ट निराळी.

लग्न ठरताना कानडी मुलखात, चामराजपेटेतील सासुरवाडीत त्यांनी छाती काढून सांगितले होते, "आमच्या घराण्यात चष्मा कोणालाच नाही." त्या वेळीही त्यांच्या डोळ्यांत लेन्स होत्या. पुढे त्या खुपू लागल्या, तेव्हा पहिल्या दिवाळसणाच्या तोंडावर त्यांनी लेझरने नंबर काढून घेतला. हे फक्त पत्नी आश्लेषा हिला ठाऊक होते. डॉक्टरांनी तिच्यासमोरच बजावले होते, "बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवला आहे. तो अजून कच्चा आहे. डोळा चोळलात तर दृष्टी गमवाल."

नरकचतुर्दशीच्या पहाटे जावयाला पाटावर बसवण्यात आले. सासूबाईंनी, अनुसूयाबाईंनी, टाळूवर तेल थापले. मेहुणा विद्याधर शिकेकाईचे भांडे घेऊन सरसावला.

"डोक्यावरून नको रे," आश्लेषा म्हणाली. "त्यांना सर्दी आहे."

"कसली सर्दी?" रविकिरण गरजले. "ओत, विद्याधर!"

"सरी, बरे भावजी, स्वल्प डोळे मिटा हं!"

शिकेकाई डोळ्यांत उतरली. रविकिरण यांनी उजवा डोळा मुठीने खसाखसा चोळला आणि ते किंचाळले.

"अय्यो, एवढ्यानेच?" अनुसूयाबाई हसल्या. "आमची लहान पोरेसुद्धा रडत नाहीत हो!"

आश्लेषाने त्यांना खोलीत नेले. डोळा लालभडक झाला होता. "सगळे धुरकट दिसते," ते कुजबुजले.

"पापुद्रा सरकला असेल. आत्ताच दवाखान्यात चला."

"फराळ होऊ दे. मध्येच उठलो तर ही मंडळी विचारतील. काय सांगू?"

"खरे सांगा."

"आणि माझी अब्रू?"

डोळा जात होता आणि या गृहस्थाला चकलीच्या ताटापुढे मिरवायचे होते. आश्लेषाला दया येईना, शिसारी आली. तिने दार सताड उघडले.

"आई, यांनी तुम्हाला खोटे सांगितले. यांना चष्मा होता. आता ऑपरेशन केलेला डोळा बिघडला आहे. विद्याधर, रिक्षा आण."

"चष्मा आमच्यात सगळ्यांनाच आहे की, जावईबापू!" अनुसूयाबाई थक्क होऊन म्हणाल्या. "त्यात लपवायचे काय?"

रिक्षात आश्लेषाने त्यांचे दोन्ही हात कैद्याचे धरावेत तसे धरून ठेवले.

डॉक्टरांनी पापुद्रा पुन्हा बसवला. दृष्टी वाचली, तरी पापुद्र्यावर सुरकुती राहिली आणि त्या डोळ्याला आजही अंधुकच दिसते. कोणी विचारले तर रविकिरण म्हणतात, "फटाक्याची ठिणगी उडाली." आश्लेषा तेथेच उभी राहते आणि खरे काय ते सांगते.